बोटीवर गेला तो गेलाच?

पितृपंधरवडा आला की घरातल्या जाणत्या बाईला कॅलेंडर लागत नाही. सासऱ्यांची पंचमी, चुलतसासऱ्यांची एकादशी, आजेसासूची अविधवा नवमी... सगळं तोंडपाठ! पण एखाद्या घरी त्या यादीच्या शेवटी एक नाव असं असतं की त्याला तिथीच नाही. ‘तो बोटीवर गेला म्हणतात’ एवढंच पुढच्या पिढीला ठाऊक. मग त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढायचं. आखाजीला घागर भरताना त्याचं नाव घ्यायचं की नाही, यावर दरवर्षी थोडी कुजबुज होते आणि विषय तिथेच मिटतो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून बघा. कुणी ‘परागंदा झाला’ म्हणेल, कुणी ‘ममईले गेला अन् तिथूनच जहाजात बसला’ म्हणेल. घर सोडण्याची कारणं काही कमी नव्हती. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाने वऱ्हाडाची दाणादाण उडवली. १८९१ आणि १९०१ च्या खानेसुमारीत बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटलेली दिसते. मेले किती आणि निघून गेले किती, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. शिवाय आगगाडी दारात आलेली होती. मलकापूर, नांदुरा, जलंब ही मुंबई-नागपूर मार्गावरची स्टेशनं, आणि १८७० मध्ये खामगावच्या कापसासाठी जलंबहून खास फाटा टाकला गेला. ज्या रुळांवरून कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे जात, त्याच रुळांवरून कर्जाला किंवा भाऊबंदकीला कंटाळलेला माणूसही जाऊ शकत होता.

तो गेला. मागे कोण राहिलं? त्याची बायको! या गोष्टींमध्ये तिचा उल्लेख अर्ध्या वाक्यात उरकतात. ‘तिनं जन्मभर वाट पाहिली’ म्हणायचं आणि पुढे जायचं. पण वाट पाहणं म्हणजे नक्की काय, याचा जरा विचार करा. नवरा जिवंत आहे असं धरलं तर कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवाचं बोलावणं. मेला असं धरलं तर यातलं काहीच नाही. आणि ठरवायचं कोणी? तिने नव्हे, बरं का! सासर, भावकी आणि गुरुजी ठरवणार. शास्त्राने यावर एक वाट काढून ठेवली होती. बारा वर्षं काहीच खबर आली नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा. याला पालाशविधी म्हणतात. ज्याचा देह मिळाला नाही त्याचे अंत्यसंस्कार असे उरकता येत. म्हणजे बारा वर्षं ती सवाष्ण, आणि मग एका सकाळी पळसाची पानं पेटली की विधवा.

इंग्रजी कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. ज्यांना खबर लागायला हवी होती अशांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो माणूस मेला असं मानायचं, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होतं. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते तसंच ठेवलेलं आहे. पण यात एक मेख आहे. कायदा फक्त ‘मेला’ एवढंच धरून चालतो. नेमका कधी मेला, ते ज्याला हवं असेल त्याने सिद्ध करायचं. आणि वाटणीचं सगळं भांडण तर त्या ‘कधी’वरच अडतं! १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता हक्क दिला, १९५६ च्या कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. पण आधी ती विधवा आहे हे तर ठरायला हवं ना? तोवर सातबाऱ्यावर बेपत्ता माणसाचं नाव तसंच, आणि ती आपली दिराच्या दारात. म्हणूनच परदेशात मेलेल्या पूर्वजाच्या मृत्यूची नोंद शोधणं हा निवृत्त माणसांचा नुसता छंद आहे, असं मला वाटत नाही.

ही नोंद सापडते का? पुष्कळदा सापडते. परदेशी गेलेल्या साध्या मराठी माणसांचं सगळ्यात नीट जपलेलं दप्तर पाहायचं तर मॉरिशसकडे बघायला हवं. तिथे उसाच्या मळ्यांवर कराराने मजूर न्यायला १८३४ मध्ये सुरुवात झाली आणि १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून तिथे उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरातून गेली. मुंबई बंदरातून गेलेले त्यामानाने थोडे, आणि त्यातले पुष्कळसे कोकणातले, रत्नागिरीकडचे. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते ती याच मंडळींच्या वंशजांमुळे. वऱ्हाडातल्या वाचकांना वाटेल, कोकणातल्या माणसांचं आम्हाला काय? पण शोधाची रीत तिथे जशी शिकायला मिळते तशी दुसरीकडे नाही, म्हणून सांगते.

बोट पोर्ट लुईच्या धक्क्याला लागली की माणसं सोळा दगडी पायऱ्या चढून वर येत. तिथल्या आगारात दोनेक दिवस ठेवून घेत, मग मळ्यांवर वाटणी होई. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात. युनेस्कोने २००६ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या आगारात प्रत्येकाला एक नंबर मिळे आणि तो मरेपर्यंत सुटत नसे. नंबरापुढे वहीत लिहिलेलं असे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, बोटीचं नाव आणि पोचल्याची तारीख. पुढे १८६० च्या दशकापासून फोटोही काढायला लागले. कधी कधी त्याच नोंदीसमोर नंतर कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं की हा अमुक तारखेला मेला, किंवा अमुक बोटीने परत गेला. वाटेत समुद्रावर मेलेल्यांचीही यादी ठेवत. आपल्या आजोबांचा एखादा तरी फोटो घरात असता तर, असं म्हणणारे आपण... आणि तिकडे एका मजुराचा फोटो दीडशे वर्षं सरकारी कपाटात जपून ठेवलेला!

ही सगळी दप्तरं मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. तिथले लोक शोध घेतात तो उलट्या टोकाने. आधी आपला जन्मदाखला, मग आईबापांच्या लग्नाची नोंद, आजोबांचा मृत्यूचा दाखला, असं एकेक पायरी मागे जात जात बोटीवरून उतरलेल्या पहिल्या माणसापर्यंत पोचतात. पुष्कळदा मृत्यूच्या दाखल्यावर त्याचा तो नंबर लिहिलेला असतो आणि तिथे गाठ सुटते. नंबर मिळाला की बोट मिळते, बोट मिळाली की गाव मिळतं. या कागदांचं मोल अलीकडे आणखी वाढलंय. मॉरिशसला गेलेल्यांच्या सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांना भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाचं कार्ड मिळू शकेल, असं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्यांच्या मॉरिशस भेटीत जाहीर केलं.

त्या वह्यांमधली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. मळेवाल्यांना पुरुष हवे होते, पण सरकारचा नियम असा की दर शंभर पुरुषांमागे ठरावीक संख्येने बायका गेल्याच पाहिजेत. त्यात नवऱ्यांबरोबर गेलेल्या होत्या, तशा एकट्या निघालेल्याही होत्या; विधवा, टाकलेल्या. आणि त्या प्रत्येकीला स्वतःचा नंबर होता! नवऱ्याच्या नंबराखाली तिची नोंद नाही. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव, तिची उंची, तिच्या कपाळावरचा व्रण. मळेवाल्याला मजूर मोजायचे होते म्हणून हे झालं, बाईची कदर म्हणून नव्हे, हे उघड आहे. तरी पण आपल्या गावच्या जुन्या कागदांत त्याच काळातल्या आपल्या पणजीचं नाव शोधून बघा. बहुतेक ठिकाणी ‘अमुकची बायको’!

तेव्हा आता आपल्या गावाकडे वळू या. आपल्याकडे शोधाला सुरुवात करायची ती कचेरीत नाही, माजघरात. घरातली सगळ्यात म्हातारी बाई गाठायची. हो, बाईच! पुरुष वंशावळ सांगतात ती शेताच्या वाटणीपुरती. म्हातारीला मात्र कोण कोणाच्या लग्नात तान्हं होतं, कुणाच्या बारशाला कुणाचं नाव ठेवायचं ठरलं आणि का मोडलं, हेसुद्धा आठवतं. बोटीवर गेलेल्याचं नाव पुढच्या पिढीत एखाद्या मुलाला ठेवलं का, ते विचारा. ठेवलं असेल तर त्या मुलाच्या जन्माच्या वेळी तो मेला असं घरच्यांनी धरलं होतं, असा अंदाज करता येतो. सासरी गेलेल्या आत्याबाईंना विसरू नका. सासर-माहेर दोन्हीकडच्या गोष्टी त्यांच्यापाशी असतात, आणि भावकीच्या भांडणात त्यांचा वाटा नसल्यामुळे त्या जरा खरंही बोलतात!

म्हातारी साल सांगणार नाही. ती म्हणेल, ‘मानमोडी आली तवा तो चार-पाच वर्साचा होता.’ मग आपण हिशेब करायचा. मानमोडीची साथ म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. मध्य प्रांत-वऱ्हाडात तिने इतकी माणसं नेली की त्या सालच्या मृत्यूच्या नोंदींची पानंच्या पानं भरलेली सापडतात. म्हणजे मुलगा १९१३-१४ चा, तर बाप त्यानंतर गेला. साल का महत्त्वाचं? कारण सालावरून दिशा कळते. मुंबईहून मॉरिशसला मजूर गेले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. १८९६ ते १९०१ या काळात पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेचं काम चाललं होतं, त्याला पंजाबातले मजूर कराचीहून जात. मुंबईहूनही मोंबासा, झांजिबारकडे आगबोटी सुटत. १९१४ ते १९१८ मध्ये गेला असेल तर तो लढाईवर, हमाल-मजुरांच्या पलटणीत बसऱ्याला गेला असण्याचा संभव धरा. अशांची नावं राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाच्या यादीत शोधता येतात. ती इंटरनेटवर फुकट पाहायला मिळते आणि बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव आणि गावही दिलेलं असतं. विलायतेला गेलेल्यांसाठी लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात बोटींच्या उतारूंच्या याद्या आहेत, येणाऱ्यांच्या १८७८ पासून आणि जाणाऱ्यांच्या १८९० पासून, दोन्ही १९६० पर्यंतच्या. अमेरिकेत न्यूयॉर्कला एलिस बेटावर उतरलेल्यांच्या नोंदी २००१ पासून इंटरनेटवर खुल्या आहेत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या नातीला कामाला लावा, ती एका दुपारी बसल्याबसल्या बघून देईल.

आता तिला काय टाइप करायला सांगाल? इथेच बहुतेकांचा शोध फसतो. बंदरावरच्या कारकुनाला मराठी येत नसे, आणि मजुराला इंग्रजी लिहिता येत नसे. कानाला आलं ते त्याने लिहिलं. मॉरिशसमध्ये तर पहिल्या माणसाचं नुसतं नावच पुढे घराण्याचं आडनाव होऊन बसलं. बाबाजी, भिवाजी ही तिथली आडनावं आहेत! म्हणजे गावाकडचं आडनाव धरून शोधत बसलात तर जन्मभर शोधाल. नाव, बापाचं नाव आणि गाव, या तिन्हींची सांगड घालायची.

आणि गावाचंही सोपं नाही. आपल्या एका जिल्ह्यात देऊळगावं किती? देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव साकर्शा. पिंपळगावं मोजा: राजा, काळे, देवी, सराई. कारकुनाने नुसतं ‘पिंपळगाव’ लिहिलं की संपलं. जळगाव म्हटलं की खानदेशातलं की आपलं जामोदवालं? त्यातून जिल्ह्याच्या हद्दी बदललेल्या. खामगाव आणि जळगाव जामोद हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. म्हणजे तुमचा खामगावचा पणजोबा १९०० साली गेला असेल तर त्याच्या नावापुढे बुलडाणा नव्हे, अकोला लिहिलेलं असणार. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. त्यामुळे जुने सरकारी कागद एका ठिकाणी नाहीत. काही तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, काही जिल्ह्याला, काही नागपूरच्या विदर्भ अभिलेखागारात, तर बंदराचे कागद मुंबईला राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत.

तहसीलमधल्या ज्या दप्तराला आपल्याकडे सगळे सरसकट कोतवाल बुक म्हणतात, त्याचं नाव आता नव्याने सांगायला नको. जातपडताळणीसाठी वऱ्हाडातल्या घराघरांतून त्याच्या नकला काढल्या गेल्यात, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा तर ही बुकं पार तळातून वर आली. गावात जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसांची ही नोंद. मेलेल्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘ताप’! जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आईचं नाव? नऊ महिने जिने वाढवलं तिला रकाना नाही.

काही पानं मोडीत असतात. ती वाचणारे जाणकार आपल्याकडे अजून आहेत. गावात कुणी नसेल तर पुराभिलेखागारात चौकशी करावी. नक्कल मागताना अर्जात गाव, अंदाजे साल आणि नाव लिहावं लागतं. साल एकच न लिहिता आगंमागं दोन-तीन वर्षं धरून लिहिलेलं बरं. कारण म्हातारीची मानमोडी आणि कारकुनाची मानमोडी यांत वर्षाचा फरक निघतोच.

सरकारी दप्तराबाहेरही एक दप्तर आहे. नाशिक-त्र्यंबकला गेलं की तीर्थोपाध्याय विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय, आणि मग लाल बासनातली वही काढून आपल्याच पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. तीर्थाला आलेला माणूस त्यांत घरच्यांची नावं लिहवून जातो, बायकांचीसुद्धा. बोटीवर गेलेल्याचं नाव एका यात्रेला भावांच्या यादीत असेल आणि पुढच्या यात्रेला नसेल, तर तो त्या दोन यात्रांच्या मधे गेला, असा अंदाज बांधता येतो.

समजा, एवढं सगळं करून त्याच्या मृत्यूची तारीख हाती आली. ती इंग्रजी तारीख असेल, पण त्याची चिंता नाही. जुन्या पंचांगावरून किंवा आता संगणकावरून तिची तिथी काढता येते, आणि सर्वपित्रीला वाढलं जाणारं पान त्याच्या स्वतःच्या तिथीवर वाढता येतं. वारसनोंदीचं प्रकरण अडलेलं असेल तर परदेशातल्या दाखल्याची प्रमाणित प्रत मागवावी आणि पुढचं वकिलाला विचारून करावं.

पण तेवढ्यावर फाइल बांधून ठेवू नका. नक्कल काढायला तहसीलला जाणारच आहात तर त्याच अर्जात तिचीही नोंद मागा, मागे राहिली होती तिची. तिला नंबर नव्हता, फोटो नव्हता. तिचं मरण त्याच गावच्या बुकात असणार, कारण ती कुठे जाणार होती? तिचं नाव घरात कुणालाच आठवत नसेल तर नवऱ्याच्या नावावरून शोधा. ते नाही सापडलं तर तिच्या बापाच्या नावावरून, आणि तिच्या माहेरच्या गावच्या बुकातही. शेवटची वर्षं भावाकडे काढणाऱ्या अशा पुष्कळजणी होत्या. नोंद सापडली की तिची तारीख आणि त्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. तो तिच्यानंतर गेलेला असेल, तर ती सवाष्ण गेली होती. तिचं पान अविधवा नवमीचं.